४४ लाखांचा माल: समर इंटर्नशिपमधल्या एका फाइलचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाच्या एमएमएस या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष संपलं की मे-जूनमध्ये दोन महिन्यांची समर इंटर्नशिप असते. फायनान्सवाल्या मुलांची नजर तेव्हा बीकेसीकडे, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे लागलेली असते: म्युच्युअल फंड, ब्रोकरेज, गुंतवणूक बँका. व्यापारी बँकेची साधी शाखा बहुतेकांच्या यादीत तळाशी. या प्रकरणातली विद्यार्थिनीही तिथे आवडीने गेली नव्हती. २०२५ च्या उन्हाळ्यात दुसरं काही हाती लागलं नाही आणि अंधेरी पूर्वेतल्या एका शाखेचं पत्र आलं, म्हणून ती गेली. राहायला डोंबिवली, तिथून लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो.

शाखा मात्र शिकण्याच्या दृष्टीने भरलेली होती. एमआयडीसी, मरोळ, साकीनाका या पट्ट्यात अजूनही औद्योगिक गाळे तग धरून आहेत. पत्राकाम, प्लास्टिक मोल्डिंग, छपाई, पॅकिंग. आजूबाजूला आयटी पार्क आणि हॉटेलं उभी राहिली तरी या शाखेच्या कर्जखात्यांत मोठा वाटा याच गाळेवाल्यांच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे माल आणि येणं तारण ठेवून लागेल तसं उचलायच्या कर्जाचा आहे.

शाखेत तिचा संबंध मुख्यतः तिघांशी आला. शाखाप्रमुख मॅडम, क्रेडिट विभागातले एक अधिकारी, जे कागदोपत्री तिचे मार्गदर्शक होते, आणि छोट्या उद्योगांची खाती आणणारे व सांभाळणारे रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे आरएम. बँक, कर्जदार आणि माणसं यांची ओळख इथे दिलेली नाही. रकमा बदलल्या आहेत, त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण राखलं आहे.

पहिले दोन आठवडे

पहिल्याच दिवशी तिच्याकडून गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी हातात क्यूआर कोडचे स्टँड आणि चालू खात्यांचे फॉर्म दिले गेले. मरोळच्या बाजारात दुकानोदुकानी फिरायचं. मे महिना, दुपारचं ऊन, आणि निम्मे दुकानदार ‘आहे आमच्याकडे’ म्हणून हात हलवणारे.

बँकेत इंटर्नशिप करणाऱ्या मुलांची ही तक्रार दरवर्षीची आहे आणि ती खोटी नाही. शाखांना खात्यांचं टार्गेट असतं, इंटर्न म्हणजे फुकटात मिळालेले पाय. तिच्यासमोर तीन वाटा होत्या: निमूट करत राहायचं, कॉलेजकडे तक्रार करायची, किंवा शाखेतच काम बदलून मागायचं. कॉलेजचा फोन गेला असता तर बँकेने तिला बहुधा एखाद्या खुर्चीत बसवून ठेवलं असतं. फिरायला लावलं नसतं आणि शिकवलंही नसतं.

तिने दिलेलं काम दोन आठवडे पुरं केलं आणि मग शाखाप्रमुख मॅडमना अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली. उरलेल्या काळात क्रेडिट विभागात बसायला मिळालं तर रिन्युअलच्या, म्हणजे कर्जांच्या नूतनीकरणाच्या, फाइलींची आकडेवारी भरून देईन, एवढंच त्यात होतं. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी होकार दिला. पण याला चिठ्ठीपेक्षा परिस्थिती जास्त कारणीभूत होती हे सांगायला हवं. मार्चअखेरीनंतर रिन्युअलचा ढीग साचतो. विभागातली एक अधिकारी बाळंतपणाच्या रजेवर होती. लिमिटचा, म्हणजे कर्जमर्यादेचा, आढावा देय तारखेनंतर १८० दिवसांत झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते खातं थेट एनपीए, म्हणजे अनुत्पादित कर्ज धरावं लागतं. आकडे भरणारं माणूस त्यांना हवंच होतं. हीच चिठ्ठी डिसेंबरात दिली असती तर कदाचित केराच्या टोपलीत गेली असती.

फाइल

तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे एका भागीदारी फर्मची फाइल आली. साकीनाक्याला गाळा, इलेक्ट्रिकल पॅनेलची पत्र्याची कपाटं बनवायचा व्यवसाय. कॅश क्रेडिट लिमिट दीड कोटी. रिन्युअलबरोबर लिमिट दोन कोटी करून मागितलेलं.

दोन कोटींचा हिशेब फाइलमध्ये आधीच मांडलेला होता. छोट्या उद्योगांच्या ५ कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका अजूनही रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीचं सूत्र वापरतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची, त्यातले २० टक्के बँक देणार, ५ टक्के मालकाने स्वतःचे घालायचे. फर्मने पुढच्या वर्षाची उलाढाल १० कोटी दाखवली होती. वीस टक्के म्हणजे बरोबर दोन कोटी. इतकं बरोबर उत्तर आलं की आधी उत्तर ठरलं आणि मग उलाढाल ठरली, असं समजायला हरकत नसते. मागच्या बारा महिन्यांच्या जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्रांतल्या विक्रीची बेरीज ६.९ कोटी होती.

मंजूर झालेलं लिमिट आणि प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात हे अर्ध्या तासात उरकतं आणि शाखेत रोजचं काम त्यावरच चालतं. फर्म दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देते: माल किती, ग्राहकांकडून येणं किती, पुरवठादारांचं देणं किती. त्यावरून डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम काढतात. या फर्मच्या अटींप्रमाणे मालातून पुरवठादारांचं देणं वजा करायचं आणि उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे बँक ज्यावर पैसे देत नाही तो वाटा, सोडायचं. ९० दिवसांच्या आतल्या येण्यावर ४० टक्के मार्जिन. मार्चअखेरच्या स्टेटमेंटमध्ये माल १६२ लाख, देणं ३८ लाख, येणं ११० लाख. मालावर ९३ आणि येण्यावर ६६, मिळून डीपी १५९ लाख. लिमिट दीडशेचं, म्हणून उचल दीडशेपर्यंत. खात्यात प्रत्यक्ष उचल १४७ लाख होती. कागदावर सगळं नियमात.

फरक कुठे दिसला

तिला फरक शोधायला कुणी सांगितलं नव्हतं. प्रपोजलच्या तक्त्यात ‘मालसाठ्याचे दिवस’ असा एक रकाना असतो. तिने तो आधी स्टॉक स्टेटमेंटवरून भरला आणि १०२ दिवस आले. मागच्या वर्षीच्या नोटमध्ये ७१ होते. त्याच गाळ्यात, तेवढ्याच माणसांत, विक्री फारशी न वाढता मालाचा मुक्काम महिनाभर वाढला कसा? तेव्हा तिने फर्मचा मार्चअखेरचा तात्पुरता ताळेबंद काढला. त्यात माल होता ११८ लाख. त्यावरून दिवस काढले तर ७४, म्हणजे जवळपास मागच्या वर्षीइतकेच.

तारीख एकच, ३१ मार्च. फर्म एकच. स्टॉक स्टेटमेंटला १६२, ताळेबंदाला ११८. फरक ४४ लाखांचा.

११८ खरे धरले तर डीपी १२६ लाखांवर येत होती आणि १४७ ची उचल २१ लाखांनी जास्त ठरत होती. लिमिट वाढवण्याची गोष्ट दूरच, आहे तेच खातं अनियमित. आणि डीपीपेक्षा जास्त उचल सलग ९० दिवस राहिली की पुढचा टप्पा एनपीएचा.

गुरुवारची संध्याकाळ होती. प्रपोजल सोमवारी वर पाठवायचं असं आरएमनी सांगितलेलं. ती पुढे म्हणाली की त्या क्षणी पहिला विचार ‘घोटाळा सापडला’ असाच आला होता. साहजिक आहे. मुंबईत बँकिंग शिकणारी मुलं हर्षद मेहता प्रकरणापासून पीएमसी बँकेपर्यंतच्या गोष्टींवर वाढतात. दोन कागदांतले आकडे जुळले नाहीत की मनात लगेच खलनायक उभा राहतो.

उतावीळपणा तिने केला नाही. आरोप करण्याआधी फर्मच्या बाजूने काय दिसतं तेही तिने तपासलं. ६.९ कोटींच्या विक्रीवर १८ टक्के जीएसटी धरला तर साधारण ८.१ कोटी वसूल व्हायला हवेत. खात्यात बारा महिन्यांत जमा झाले होते ७.८ कोटी. म्हणजे विक्री फुगवलेली नव्हती आणि पैसा दुसऱ्या बँकेकडे वळवलाही जात नव्हता. जी फर्म जवळजवळ सगळी वसुली याच खात्यात भरते, तिने मालात ४४ लाखांची थाप मारावी हे पटकन पटत नाही. अशक्य नाही, पण चित्र गुंतागुंतीचं झालं. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातलं तिचं सर्वात चांगलं काम हे होतं, आणि शेवटी गुण देताना तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

समोरचे पर्याय

गप्प बसून स्टेटमेंटचेच आकडे भरणं हा पहिला पर्याय. इंटर्नची सही कुठेच नसते, त्यामुळे तिच्यावर काही आलं नसतं. तो तिने फार वेळ विचारात ठेवला नाही.

फर्मच्या अकाउंटंटना थेट फोन करून विचारणं सर्वात सोपं होतं. नंबर फाइलमध्ये होता आणि कागद मागायला तिने त्यांना आधी दोनदा फोन केलेलाही होता. पण कागद मागणं वेगळं आणि खुलासा मागणं वेगळं. बँकेच्या वतीने प्रश्न विचारायचा अधिकार तिला नव्हता. शिवाय एकदा फोन गेला की सोमवारपर्यंत नवा, जुळणारा कागद तयार होऊन आला असता, आणि मग खरं काय होतं ते कधीच कळलं नसतं.

तिसरा पर्याय डोंबिवलीतल्या मामाचा. मामा सीए. स्टेटमेंटचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला असता तर दहा मिनिटांत उत्तर आलं असतं. अशा वेळी अनेक मुलं हेच करतात आणि त्यात काही चुकलं असं त्यांना वाटतही नाही, कारण मामा घरचाच. ग्राहकाच्या दृष्टीने तो त्रयस्थ माणूस आहे. एक्सेल फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवून घरी बसून पाहणं हेही त्यातलंच. बऱ्याच बँकांमध्ये अशा मेलवर यंत्रणेचा पहारा असतो आणि इंटर्नशिप तिथेच संपते. तिने मामाला फोन केला, पण नाव, आकडे, ठिकाण काहीही न सांगता: ‘समजा एखाद्या कारखान्याचा ताळेबंदातला माल कमी आणि बँकेला दिलेला जास्त असेल, तर सरळ कारणं काय असू शकतात?’ मामाने चार कारणं सांगितली. मूल्यांकनाची पद्धत वेगळी, वाटेतला माल, जॉब वर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून करून घ्यायच्या कामाला, बाहेर गेलेला माल, आणि चौथं, ‘बँकेला फसवणं, ते तर आहेच.’

खरा पेच आरएम आणि क्रेडिट अधिकारी यांच्यातला होता. प्रपोजल आरएमचं. ग्राहक त्यांनी आणलेला, लिमिट वाढलं तर आकडा त्यांच्या खात्यावर लागणार. त्यांना आधी सांगणं हे शाखेच्या शिष्टाचाराला धरून झालं असतं. तिला फाइल देऊन सांगणारे, तिच्याशी रोज चहाला बोलणारेही तेच. दुसरीकडे क्रेडिट अधिकाऱ्यांचं काम या फाइलकडे शंकेने पाहण्याचंच, आणि तिचे नेमलेले मार्गदर्शकही तेच. आरएमना सांगितलं तर ते फर्मला फोन करतील आणि सोमवारचा नवा कागद येईल, ही भीती पुन्हा तीच. क्रेडिटला सांगितलं तर आरएमच्या पाठीमागे गेल्यासारखं दिसणार.

कॉलेजच्या प्राध्यापकांना सांगणं किंवा बँकेच्या तक्रार यंत्रणेकडे निनावी मेल करणं हेही तिच्या डोक्यात येऊन गेलं. यंत्रणा आहे आणि ती असायलाच हवी. पण शाखेत अजून कुणालाच प्रश्न विचारलेला नसताना तिथे जाणं म्हणजे दार न वाजवता खिडकी फोडणं.

काय केलं

शुक्रवारी सकाळी ती क्रेडिट अधिकाऱ्यांकडे एक कागद घेऊन गेली. डावीकडे स्टेटमेंट, मधे ताळेबंद, उजवीकडे फरक. खाली जीएसटी आणि खात्यातल्या जमा रकमांचं कोष्टक. ‘सर, मार्चअखेरच्या मालात ४४ लाखांचा फरक दिसतोय. माझं काही वाचायचं राहिलंय का?’

अधिकाऱ्यांनी कागद पाहिला आणि पहिलं विचारलं, ‘सँक्शन लेटर वाचलंस?’ कर्जमंजुरीचं ते पत्र तिने वाचलं नव्हतं. त्यात एक अट होती: मंजूर ठिकाणाबाहेर असलेला माल, बँकेची पूर्वपरवानगी आणि त्या ठिकाणचा विमा असल्याशिवाय डीपीत धरायचा नाही. ही अट आधी माहीत असती तर तिचा प्रश्न ‘माल आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘माल कुठे आहे?’ इथवर गेला असता.

प्रपोजल सोमवारी गेलं नाही. मंजुरीपूर्व भेट तशीही बाकी होती, ती अधिकाऱ्यांनी मंगळवारी, फर्मला न कळवता ठेवली. आरएमना त्यांनी भेटीच्याच सकाळी सांगितलं आणि सोबत घेतलं. तीही गेली.

गाळ्यातली मोजणी तिच्या कल्पनेपेक्षा वेगळी होती. पत्र्याच्या थप्प्या कुणी काट्यावर चढवत नाही. एक मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटी पत्रा साधारण २३ किलोचा भरतो. थप्पीतले पत्रे मोजायचे, जाडीने गुणायचं, वजन काढायचं, खरेदीच्या बिलातल्या किलोच्या भावाने किंमत लावायची. अर्धवट कपाटांना किती टक्के काम झालं ते पाहून अंदाज. मेमधली मोजणी मार्चला तशीच लागू होत नाही, म्हणून मधली खरेदी वजा करत आणि मधल्या काळात बाहेर गेलेला माल मिळवत मागे जायचं. अधिकाऱ्यांनी हे सगळं तिच्याकडून पॅडवर करून घेतलं. मागे जात जात आकडा ११८ च्या आसपास आला. ताळेबंद खोटा नव्हता.

‘मग बाकीचा?’ असं विचारल्यावर अकाउंटंट काका म्हणाले, ‘साहेब, तो वसईला आहे ना. पावडर कोटिंगला.’

कपाटांना रंग चढवण्याचं काम फर्म स्वतः करत नव्हती. वसई पूर्वेला वालीव भागात दोन कोटिंगवाल्यांकडे माल जायचा आणि रंगून परत यायचा. चलनबुकं निघाली. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो आणि त्याचा हिशेब आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यावा लागतो. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना तो सहामाही भरायचा असतो, मार्चअखेरच्या सहामाहीची मुदत २५ एप्रिल. फर्मने भरला होता. त्यात आणि चलनांत मिळून ३१ मार्चला वसईत सुमारे २७ लाखांचा माल होता. तात्पुरता ताळेबंद करताना काकांनी फक्त गाळ्यातला माल मोजून घातला होता. वसईतला माल फर्मच्याच मालकीचा असल्यामुळे ताळेबंदातही यायलाच हवा होता.

उरले १७ लाख. ही फर्मची लंगडी बाजू. २९ मार्चला गेलेल्या एका मोठ्या ऑर्डरची बिलं येण्यात धरली होती आणि तोच माल स्टॉकमध्येही तसाच ठेवला होता. मालवाहतुकीच्या ई-वे बिलांवरून गाडी मार्चमध्येच निघाल्याचं दिसत होतं. एकच माल दोनदा मोजलेला. मोठे भागीदार आधी थोडे चढ्या आवाजात बोलले, मग तिच्याकडे वळून म्हणाले, ‘बेटा, इतकं बारीक कोणी बघत नाही.’ अधिकारी त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी विम्याची पॉलिसी मागितली. तिच्यात पत्ता एकच, साकीनाक्याचा. वसईत आग लागली असती तर बँकेकडे तारण असलेला २७ लाखांचा माल विम्याविना गेला असता. ४४ लाखांच्या फरकापेक्षा ही गोष्ट अधिकाऱ्यांना जास्त टोचली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक वळण आलं. अधिकाऱ्यांना वेळ नव्हता. ‘तू डोंबिवलीची ना, दिव्याहून वसईची मेमू मिळते, सकाळी परस्पर जाऊन बघून ये,’ असं ते सहज म्हणाले. मोह होता, विश्वास टाकला जातोय असं तिला वाटलं. तरी तिने विचारलं, ‘सर, मी एकटीने पाहिलेलं फाइलमध्ये चालेल का?’ चालणार नव्हतं. तपासणी अहवालावर बँकेच्या कर्मचाऱ्याची सही लागते, आणि अनोळखी कारखान्यात एकट्या इंटर्नला पाठवणं सुरक्षेच्या दृष्टीनेही बरोबर नव्हतं. बँकेचा एक कर्मचारी तिच्यासोबत गेला. माल होता, आणि फर्मच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून वेगळा ठेवलेला होता.

निकाल

लिमिट दीड कोटीवरच रिन्यू झालं. दोन कोटींची मागणी लेखापरीक्षित ताळेबंद येईपर्यंत पुढे ढकलली. १० कोटींच्या उलाढालीसाठी हातातल्या ऑर्डरींचे पुरावे मागितले.

वसईतला माल विमा आणि कोटिंगवाल्यांचं पत्र येईपर्यंत डीपीतून काढला गेला, दुहेरी मोजलेलाही गेला. डीपी १२६ वर आली आणि फर्मला २१ लाख भरून काढावे लागणार होते. छोट्या फर्मला ते एका दिवसात जमत नाही. विम्यात वसईचे पत्ते जोडून घेतले, पत्रं आली आणि २७ लाखांचा माल पुन्हा धरला गेला. त्याने डीपी १४६ च्या थोडी वर गेली. उरलेलं एका ग्राहकाच्या पेमेंटने भरलं. तीस दिवस उलटले असते तर खात्यावर एसएमए-१ चा, म्हणजे खातं एनपीएकडे चाललंय अशा इशाऱ्याचा, शिक्का बसला असता. त्याच्या आत खातं जागेवर आलं. फर्म बुडाली नाही, बँक सोडून गेली नाही.

आरएम नाराज झाले. ‘मला आधी सांगायचंस ना,’ एवढंच ते म्हणाले, पण नंतर चहाला बोलावणं बंद झालं. तिला प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे इंटर्नशिपवरूनच नोकरीचा प्रस्ताव, मिळाली नाही. त्या वर्षी त्या शाखेतून कुणालाच मिळाली नाही, त्यामुळे दोन्हींचा संबंध जोडता येत नाही. क्रेडिट अधिकाऱ्यांनी शिफारसपत्र दिलं.

प्रकल्प अहवालात तिने या फर्मचं प्रकरण घातलं नाही. ‘जॉब वर्क असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांची ड्रॉइंग पॉवर’ असा सर्वसाधारण विषय घेतला, काल्पनिक आकडे वापरले आणि मसुदा शाखाप्रमुख मॅडमकडून तपासून घेतला. मॅडमनी त्यातली एक ओळ काढायला लावली: गाळ्याच्या वस्तीचं नाव.

वेगळं काय करता आलं असतं

आरएमच्या नाराजीत तथ्य आहे का? अर्धं. आधी मार्गदर्शकांकडे जाणं बरोबर होतं, आणि तिने आरएमना एकट्याने गाठून सांगितलं असतं तर न कळवता भेट झालीच नसती असं मला वाटतं. पण ती वाट अधिकाऱ्यांनी आरएमना सोबत घेतल्यामुळे सुकर झाली, तिच्यामुळे नाही. भेटीनंतर त्याच संध्याकाळी तिने स्वतः जाऊन आरएमशी दोन वाक्यं बोलायला हवी होती: तुमच्यावर शंका नव्हती, आकडा जुळत नव्हता म्हणून नेमलेल्या माणसाला विचारलं. तिने आठवडाभर टाळलं, आणि तोवर ते जड झालं. वर्गातल्या चर्चेत काही मुलं म्हणतात की दोघांना एकत्र मेल करायला हवा होता. लेखी मेलने प्रश्नाचा लगेच आरोप झाला असता. शुक्रवारी सकाळी टेबलाशी उभं राहून विचारलेला प्रश्न प्रश्नच राहिला.

सँक्शन लेटर आधी वाचायचं. ताळेबंद, जीएसटी, सिबिल सगळं चाळलं जातं आणि कर्ज ज्या अटींवर दिलं तो कागद फाइलच्या तळाशी राहतो. इंटर्नच कशाला, अनुभवी लोकांचंही असं होतं.

बँकेच्या बाजूने पाहिलं तर शाखेच्या स्टॉक स्टेटमेंटच्या नमुन्यात बाहेर असलेल्या मालासाठी रकानाच नव्हता. कच्चा, अर्धवट, तयार, एवढंच. मुंबईतले गाळे लहान आणि भाडी मोठी. कामाचे टप्पे वसई, भिवंडी, तळोज्याला पांगलेले असणं ही इथली रोजची रीत आहे. ज्या शाखेचे निम्मे कर्जदार असं काम करतात तिच्या फॉर्मला हे ठाऊक असायला हवं. अधिकाऱ्यांनी पुढच्या महिन्यापासून या फर्मकडून ठिकाणवार यादी घ्यायला सुरुवात केली; बाकी खात्यांचं काय, ते प्रकरणात नोंदलेलं नाही.

कॉलेजच्या हातातली गोष्ट म्हणजे सुरुवातीचं पत्र. इंटर्न कोणत्या विभागात बसणार, ग्राहकाच्या जागेवर कुणाबरोबर जाणार, अहवाल प्रकाशनापूर्वी कोण तपासणार, या तीन गोष्टी त्यात असत्या तर क्यूआरचे दोन आठवडे आणि वसईचा पेच यांतलं काहीतरी वाचलं असतं.

सत्रअखेरच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, कुणाचं नाव न घेता, तिला विचारलं: दोनदा मोजलेले १७ लाख ही चूक होती की चलाखी? ती म्हणाली, एका महिन्याच्या स्टेटमेंटवरून ते ठरवता येत नाही. मागच्या वर्षभरातल्या प्रत्येक महिनाअखेरची शेवटच्या आठवड्यातली बिलं त्या-त्या स्टेटमेंटशी लावून पाहिली असती तर कळलं असतं, आणि ते काम त्या फाइलवर कुणी केलं नाही.